भाऊबीज झाली की गाव निघतं

पुणे
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे अनारसे पोचले. सासूबाईंनी दोन वेगळे काढून ठेवले आणि रोज अर्धा अर्धा पुरवून खाल्ला, यातच सगळं आलं. दिवाळीत आम्ही सगळे गावाकडे जाऊन नेमकं काय करतो, असं तू विचारलं होतंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून निवांत लिहिते आहे.

यांचं गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात, हे तुला ठाऊकच आहे. सगळी पावसावरची शेती. खरीप निघालं की हाताला काम उरत नाही. मग तरणी माणसं ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात केव्हाच संपलेली असते, त्यामुळे जाणं काही टळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी दोघांची एकच जोडी धरतात. बाई गरोदर असली तरी कोयता पुराच मोजतात. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सिंदफणा नदीचं पाणी रानात शिरलं, कापूस जागेवर कुजला, तेव्हा एरवी घरी थांबणारेही निघाले.

कारखाने १ नोव्हेंबरला सुरू होणार होते आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला. ओवाळणं झालं की ट्रॅक्टर दारात उभे. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, चुलीची लाकडं, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर माणसं. एक सात-आठ वर्षांचा मुलगा ट्रॉलीच्या फाळक्याला धरून आईशी बोलत होता. रडत नव्हता. परीक्षा कधी, दप्तराची चेन तुटली आहे, शेळी कुणाकडे ठेवायची, असं भराभर सांगत होता. ट्रॅक्टर सुरू झाल्यावरही त्याचं सांगणं चालूच होतं. शेजारी त्याची आजी उभी होती, तिला ऐकू कमी येतं. पुढचे पाच-सहा महिने त्या घरात ही दोघंच.

सासूबाईंनी तरुणपणी स्वतः कोयता चालवला आहे, यांना पाठीशी बांधून. त्यामुळे मागे राहणाऱ्यांसाठी काय न्यायचं ते त्याच ठरवतात. मुलांना चकल्या, म्हाताऱ्या माणसांना रव्याचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा, कारण दात नाहीत. साडी-धोतर नको, जाड चादर आणि स्वेटर हवं. दिवाळीच्या चार दिवसांत डबे भरलेलेच असतात, म्हणून फराळ थोडा आणि तोही भाऊबीज उलटल्यावर, घर मोकळं झालं की द्यायचा. ही त्यांची अट मला फार पटते. मोकळ्या घरात कुणीतरी जाऊन बसणं, चहा घेणं, हेच त्या वेळी लागतं. फोटो आम्ही काढत नाही. मुलांनाही तसं बजावलं आहे.

पण खरं काम पुढेच आहे, मेधा. गावातल्या किराणा दुकानात आम्ही त्या घरांच्या नावाने खातं लावलं आहे. दुकानदार महिन्याला हिशेब पाठवतो, यांच्याकडून पैसे जातात. आजीला तेल हवं तर तेल, साबण हवा तर साबण. एकीने तंबाखूची पुडी घेतली, तेव्हा आमची लेक नाराज झाली. सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, तिच्या घरात तिचं चालू दे की." मला त्यांचंच बरोबर वाटतं. देणाऱ्याने घेणाऱ्याची पिशवी तपासू नये.

मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं. दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून आजी-आजोबा पोरांना मागे ठेवून घेऊ शकतात. ते उघडायला उशीर झाला, की मूल सरळ ट्रॉलीत चढतं आणि शाळा सुटते. मुलगी असेल तर फडावरच्या (ऊसतोडीच्या रानातल्या) कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसते. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने आई-बाप तिचं लग्नच उरकून टाकतात. आमची लेक त्यातल्या तीन मुलींना दर रविवारी फोन करते. अभ्यासाचं कमी, बाकीचंच जास्त बोलतात, आणि तेच बरं. त्याच तालुक्यात आर्वीला 'शांतिवन' आहे, ऊसतोड कामगारांची मुलं तिथे राहून शिकतात. तुला ते दाखवायचं आहे.

आता तुझ्याकडे एक काम आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये म्हाताऱ्यांच्या खात्यात येतात, पण हातात पडत नाहीत. बँकमित्र, म्हणजे गावात येऊन पैसे देणारा बँकेचा माणूस, यंत्र घेऊन येतो, आजी अंगठा लावते, यंत्र घेत नाही. ऊस तोडून, मोळ्या बांधून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. मग तर्जनी, मग दुसरा हात, मग पदराला पुसून पुन्हा अंगठा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा, आणि मुलगा कर्नाटकात फडावर. तालुक्याच्या बँकेत जायचं तर जीपचं भाडं आणि सबंध दिवस. मी स्वतः एका आजींबरोबर गेले होते. खिडकीवरच्या माणसाने त्यांच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही, इतका राग आला होता मला!

तुझी सगळी नोकरी बँकेत गेली. अंगठा जुळत नसेल तर बँकेने दुसरी काय सोय करून द्यायची असते, अर्ज कोणाच्या नावाने करायचा, नंबर बदलायला काय कागद लागतात, हे तू दोन पानांत साध्या मराठीत लिहून दे. आणि जमलं तर स्वतःच चल. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. तुझ्यासारखं कुणी त्या खिडकीसमोर उभं राहिलं, तर अर्धं काम तिथेच होईल. राहायची सोय घरचीच आहे. थंडी मात्र कडक असते, जाड शाल आण. दादांना नमस्कार सांग आणि ते सोडतील का तेही कळव.

तुझीच,
शुभा