मेणाच्या वडीतल्या गाठीबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमच्या लॅबमध्ये रोज शेकडो नमुने येतात, त्यामुळे मी आठवेनच असं नाही. गेल्या श्रावणात राजारामपुरीतून आलेली, ब्लाऊज शिवणारी बाई. सोबत मिस्टर होते, मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. गाठ पावणेदोन सेंटिमीटर, काखेतल्या गाठी साफ, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी, आणि हर टू नावाचं प्रथिन निगेटिव्ह. वय 57, पाळी थांबून सहा वर्षं झालेली. एके ठिकाणी सांगितलं, "केमो घेऊन टाका, सेफ राहील." का, ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, दारात पुढचा पेशंट उभा होता. दुसऱ्या डॉक्टरांनी ऑन्कोटाइप नावाची, गाठीतल्या जीन्सची टेस्ट सुचवली. खर्च ऐकून मी मनातल्या मनात गळ्यातला साज मोडायला सराफांच्या गुजरीत पोचलेसुद्धा.

तुमच्याकडे आलो ते टेस्टसाठी नुसता गाठीचा ब्लॉक मागायला. काउंटरवरून घेऊन निघालो असतो, पण तुम्ही आत बोलावलंत आणि माझी गाठ हातात दिलीत. मेणाची पिवळसर वडी, काडेपेटीपेक्षा लहान. एवढ्याशा वस्तूला मी महिनाभर घाबरत होते!

तिच्यातूनच चकत्या काढून कॅलिफोर्नियाला पाठवायच्या, तिथे 21 जीन्स मोजतात, असं तुम्ही सांगितलंत. त्यातले 16 कॅन्सरचे आणि 5 नुसते तुलनेसाठी. "पाच बिनकामाचे कशाला?" असं मिस्टरांनी विचारलं, तर तुम्ही उलट त्यांनाच विचारलंत, की यार्डात काटा बरोबर आहे हे कसं बघता. "छापाचं वजन ठेवून," ते म्हणाले. "मग हे पाच म्हणजे ते वजन." तिथून पुढे ते खुर्ची ओढून बसले ते उठेनातच. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी पुढे वेगळ्या का वागतात, हे तुम्ही समजावत होतात, तेव्हा तेच म्हणाले, "गुळाचे दोन रवे रंगाला सारखेच असतात, पण एक पावसाळ्यात पाझरतो आणि एक दिवाळीपर्यंत खडखडीत." तुम्ही हसलात. घरी आल्यावर त्यांनी ते वाक्य चार जणांना ऐकवलं.

ऑन्कोटाइपचा आकडा शून्य ते शंभरमध्ये येतो. तो दोन गोष्टी सांगतो: आजार दूरच्या अवयवात परतण्याचा धोका किती, आणि केमोने त्यात फरक पडेल का. दुसरी गोष्ट मला नवीन होती. मला वाटायचं, धोका आहे म्हणजे केमो हवीच. 2018 साली आलेल्या टेलरएक्स अभ्यासाचं तुम्ही कागदावर लिहून दिलंत. काखेत आजार न पोचलेल्या, 11 ते 25 आकड्याच्या बायकांचे दोन गट केले. एकाला फक्त हार्मोनची गोळी, दुसऱ्याला गोळी आणि केमो. नऊ वर्षांनी आजार दूर न पसरलेल्या बायका शंभरात 94.5 आणि 95, म्हणजे जवळजवळ सारख्याच. तो कागद अजून माझ्या मापाच्या वहीत आहे.

तुम्ही हेही बजावलंत, की पन्नाशीच्या आतल्या बाईला हाच हिशेब जसाच्या तसा लागू नाही. आणि एक सरळ प्रश्न केलात: "आकडा कितीही आला तरी केमो घ्यायचीच किंवा नाहीच घ्यायची, असं ठरलंय का? ठरलं असेल तर पैसे घालवू नका." टेस्ट करू नका असं सांगणारं माणूस मला त्या सगळ्या धावपळीत पहिल्यांदा भेटलं.

बाहेर बाकावर गडहिंग्लजची एक मावशी होती. आमचं ऐकून तीही मुलाला म्हणायला लागली, आपणही करू. तिचा रिपोर्ट ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर टू तिन्ही निगेटिव्ह. तुम्ही दारातच थांबून तिला सांगितलंत, की ही टेस्ट तुमच्या प्रकारासाठी नाही, तुम्हाला केमोचा उपयोग आहे, ती वेळेत सुरू करा. मुलाने जमीन गहाण टाकायची भाषा चालवली होती, मॅडम. माझ्यापेक्षा तिच्यासाठी तुमचे आभार मानावेसे वाटतात.

माझा आकडा 17 आला. कॅन्सरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि केमो नको म्हणाले. रेडिएशन झालं. आता रोज रात्री लेट्रोझोल, ती हार्मोनची गोळी, पाच वर्षं. सकाळी बोटं आखडतात, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. हाडांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. भीती गेली असं नाही, तपासणीच्या आदल्या रात्री झोप येतच नाही. पण 17 म्हणजे काय आणि काय नाही, एवढं मला कळतं. साज मात्र मोडावा लागला, अर्धा. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

काउंटरवर तुमच्या नावाने एक छोटा रवा ठेवलाय. रंगाला जरा काळपट आहे, पण मिस्टरांनी स्वतः निवडलाय, पाझरणार नाही म्हणतात.

तुमची,
राजारामपुरीची शिलाईवाली