टाके वाचायला शिकवणाऱ्या काकूंना

ठाणे (पश्चिम)

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अगं, त्यात काय!’ म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुम्ही माझ्या वडिलांना विणायला शिकवलंत, एवढंच सांगितलं तर लोक ‘अरे वा’ म्हणून पुढे जातील. तुम्ही ते कसं शिकवलंत हे मला सांगायचंय, कारण असं शिकवणारी माणसं फार थोडी असतात.

बाबांची अख्खी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर गेली. निवृत्तीनंतर मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा उजव्या हाताची बोटं आखडलेली होती. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण नुसता चेंडू दाबत बसणं हा बाबांचा पिंड नव्हे. त्याच सुमारास भावाकडे बाळ येणार असल्याचं कळलं आणि बाबांनी जाहीर करून टाकलं, ‘बाळाचं दुपटं मी विणणार.’ जांभळी नाक्याच्या बाजारातून क्रोशाचा हुक आणला, लोकरीचे गुंडे आणले, मोबाइलवर बघून साखळी घातली आणि कामाला लागले.

काही दिवसांत दुपट्याची कड तिरपी होऊ लागली. खाली रुंद, वर निमुळतं. बाबांनी हुक बदलून पाहिला, हात सैल सोडून पाहिला, फरक पडेना. शेवटी ते पिशवीत घालून तुमच्याकडे आले आणि मी सोबत आले. मला वाटलं, आता तुम्ही ते हातात घ्याल, भराभर उसवाल, चार ओळी सुंदर विणून द्याल आणि म्हणाल, ‘हं, असं करा.’ आमच्याकडे सगळ्या जणी अशाच शिकवत आल्यात. बघणाऱ्याला त्यातलं काहीही कळत नाही आणि चार ओळी संपल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुम्ही हातही लावला नाहीत. चष्मा लावून नुसतं पाहिलंत आणि विचारलंत, ‘तळाच्या ओळीत खांब, म्हणजे उभे टाके, किती? मोजा.’ साठ भरले. ‘आता सगळ्यात वरच्या ओळीत?’ एकेचाळीस. ‘आणि तळाची सोडून वर ओळी किती झाल्या?’ एकोणीस. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘म्हणजे दर ओळीला एक जातोय.’ तुम्ही म्हणालात, ‘मग तुमचा हात सैल नाही आणि हुकही वाईट नाही. एकच चूक एकाच जागी दरवेळी होतेय. ती जागा तुम्हीच शोधा.’

आयुष्यभर नगाचं माप चुकलं की कारण शोधणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा मान कुणी दिला नसता. दुपटं मांडीवर उताणं टाकून बाबा एकेका कडेला बोट लावत गेले. तुम्ही मधेच एवढंच सांगितलंत की ओळीच्या सुरुवातीला आपण वर चढायला तीन साखळ्या घालतो ना, त्या तीन साखळ्या म्हणजेच त्या ओळीचा पहिला खांब. मग त्यांना सापडलं. परतीच्या ओळीत सगळे खांब विणून झाले की शेवटचा खांब त्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यावर घालायचा असतो. ती साखळी बारीक असते, जरा मागे दडलेली असते, खांबासारखी दिसतच नाही. त्यामुळे ती दरवेळी राहून जात होती. तुम्ही शिवणाच्या डब्यातून लाल दोऱ्याचे तुकडे काढून दिलेत आणि प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या साखळीत एक बांधायला सांगितलंत. शेवटचा टाका लाल दोऱ्यापाशी पडला की ओळ पुरी. दुसऱ्या टोकाची चूकही सांगून ठेवलीत: सुरुवातीच्या साखळ्यांच्या बुडाशीच पुन्हा खांब घातला तर उलट एकेक टाका वाढत जातो आणि कापड पंख्यासारखं पसरतं. उसवलं बाबांनीच, विणलंही बाबांनीच.

पुढे तुमच्याकडे येणं नेमाचं झालं आणि दरवेळी तुमची तीच रीत. बाबांना नमुन्यातली इंग्रजी लघुरूपं झेपेनात, तेव्हा तुम्ही त्यांच्यापुढे आकृत्यांचा नमुना ठेवलात. लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब (अगदी बुटका खांब), इंग्रजी टीसारखी खूण म्हणजे अर्धा खांब, त्या टीच्या दांड्यावर एक तिरकी रेघ असली की खांब, दोन असल्या की दोन वेढ्यांचा खांब. ड्रॉइंग वाचून काम केलेला माणूस तो, त्यांना ते चटकन वाचता आलं. शब्दांतला नमुना वापरायचाच झाला तर तो अमेरिकन की ब्रिटिश हे आधी बघायची सवयही तुम्हीच लावलीत. अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे दिसला तर तो अमेरिकन समजायचा, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. एवढं एक माहीत नसल्यामुळे किती जणींच्या टोप्या नमुन्याच्या दुप्पट उंच होत असतील!

दुपट्यानंतर बाबांना टोपडं सुयांवर विणायचं होतं. तेव्हाचा सुयांच्या नंबरांचा प्रसंग मला फार आवडतो. नमुन्यात ८ नंबरच्या सुया लिहिलेल्या, बाबांनी ८ नंबरच्याच आणल्या, तरी तुमच्या सांगण्यावरून विणलेला छोटा तुकडा मापापेक्षा आखूड भरला. तुम्ही त्यांना घरून व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं त्यांचं माप, आणायला सांगितलंत. सुई मोजली तर ४ मिलिमीटर. नमुना अमेरिकन होता आणि अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांत जाड होते. आपली १० नंबरची ३.२५ मिलिमीटर, त्यांची १० नंबरची ६. बाबा ते आकडे बघून म्हणाले, ‘हे तर तारेचं गेज!’ खरंच तसं आहे, ब्रिटनमधले सुयांचे जुने नंबर तारेच्या गेजवरूनच, म्हणजे जाडीच्या नंबरांवरूनच आले. ३.२५ म्हणजे १० गेजची तार, हे बाबांना चाळीस वर्षं पाठ होतं. त्या दिवशी त्यांना आपल्या जुन्या कामाची खूण या नव्या कामात सापडली. तुम्ही मिलिमीटर थेट सांगून मोकळ्या झाला असतात तर ती सापडली नसती. आता ते नमुन्यातला नंबर बघतच नाहीत, मिलिमीटर बघतात आणि आधी दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजतात.

धुऊन मोजायचं, यावर तुमचा किती कटाक्ष! सुती दोरा धुतल्यावर वेगळा बसतो, वजनाने लोंबतो आणि लोकरीसारखा परत आत येत नाही. आपल्या ठाण्याच्या दमट हवेत बाळाला सुतीच बरं, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत, आणि बाजारातली स्वस्त लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते हेही. मेंढीच्या लोकरीला चोळून गरम पाण्यात धुतलं तर ती आटून जाड नमद्यासारखी होते, तर अ‍ॅक्रिलिकवर कडक इस्त्री फिरली की ते कायमचं लुळं पडतं. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा नंबर असतो, सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यायचे, नाहीतर दुपट्याच्या मधोमध पट्टा दिसतो. पट्टी फेकायची नाही, वहीत चिकटवायची. बाबांची ती वही आता एखाद्या वर्कशॉपच्या लॉगबुकसारखी झाली आहे.

बाळाच्या वस्तूंबद्दल मात्र तुम्ही शोधा, विचार करा असं काही म्हटलं नाहीत, सरळ नियम घातलेत. जाळीचा नमुना नको, भोकात बाळाची बोटं अडकतात. मोज्याच्या आत दोऱ्याचं सुटं टोक राहता कामा नये, ते पायाच्या बोटाला गुंडाळलं जाऊ शकतं. टोपड्याला बटण नाही, गोंडा नाही. जिथे धोका आहे तिथे शिकवण्याची हौस बाजूला ठेवायची, हे तुमचं तारतम्य मला फार मोलाचं वाटतं.

सुयांवर टाका सुटला आणि त्याच्याखालचे टाके पार खालपर्यंत शिडीसारखे उसवत गेले, तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता. तुम्ही तेव्हाही सुया घेतल्या नाहीत. क्रोशाचा हुक त्यांच्या हाती दिलात. सुलट बाजू समोर धरा, सुटलेल्या टाक्यात हुक पुढून घाला, वरची आडवी पायरी पकडा, टाक्यातून ओढून घ्या, आता त्याच्या वरची. एकेक पायरी चढत टाका सुईवर परत आला. सुईवर चढवताना टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा, मागे गेला तर टाका पिळला जातो, हे तुम्ही त्यांच्याकडून पाहून घेतलंत. आणि पुढच्या वेळी भीती नको म्हणून दर काही ओळींनी सगळ्या टाक्यांतून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायची युक्ती दिलीत. कितीही उसवलं तरी त्या दोऱ्याच्या खाली जात नाही.

इमारतीतल्या काही जणांना बाबांचं विणणं नवलाचं वाटलं. खालच्या बाकावर सुया घेऊन बसायला बाबा कचरत होते. तुम्ही त्यांची समजूत काढली नाहीत. पेरूमधल्या तितिकाका तलावातल्या ताकिले बेटाची गोष्ट सांगितलीत. तिथे सुयांवरचं विणकाम पुरुषांचं, मुलगे लहानपणापासून टोप्या विणायला शिकतात, आणि तिथल्या वस्त्रकलेला २००५ साली युनेस्कोने गौरवलंय. दुसऱ्या दिवशी बाबा बाकावर.

व्हिडिओ बघूनही शिकता येतं, आणि ज्यांना तुमच्यासारखी काकू मिळत नाही त्यांनी जरूर शिकावं. पण व्हिडिओला आपला हात दिसत नाही. दर ओळीला तिसरी साखळी सुटतेय हे त्याला कुठून कळणार? तुम्हाला ते पहिल्या नजरेत कळलं होतं, हे मला नंतर उमगलं. कळूनही तुम्ही बाबांना मोजायला लावलंत, आणि ते शोधेपर्यंत समोरच्या खुर्चीत शांत बसून राहिलात. तुमचा किती वेळ त्यात गेला! स्वतः विणून दिलं असतंत तर पाच मिनिटांत आम्ही परत गेलो असतो. तो वेळ तुम्ही बाबांवर खर्च केलात, त्याबद्दल काकू, मी तुमची मनापासून ऋणी आहे. बोटं बरीच मोकळी झाली आहेत, शर्टाची बटणं ते आता स्वतः लावतात. आणि घरात कुणाचं काही अडलं की ‘आधी मोज’ म्हणतात, अगदी तुमच्याच सुरात.

दुपटं आणि टोपडं भावाकडे पोचलं. मोज्याची जोडी अजून व्हायची आहे, टाच वळवताना दोन्ही कडांना भोकं पडताहेत. का पडताहेत ते बाबांना जवळजवळ सापडलंय असं त्यांचं म्हणणं आहे, पण तुम्ही समोर असलात तर बरं, म्हणून रविवारी संध्याकाळी ते येतील. चहा आम्ही थर्मासमध्ये घेऊन येऊ. तुम्ही उठायचं नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची