दुर्गम भागात गाडी अडकवणाऱ्या रचनेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील दुरुस्ती नाकारल्याबद्दल आणि गाडीच्या रचनेतील दोषांबद्दल तक्रार.

महोदय,

आपल्या कंपनीची फोर बाय फोर डिझेल गाडी मी कामानिमित्त डोंगराळ आणि वस्तीपासून दूरच्या भागात वापरतो. या गाडीत अलीकडे झालेल्या बिघाडाची दुरुस्ती आपल्या सर्व्हिस सेंटरने ‘खडतर वापरामुळे झालेले नुकसान’ असा शेरा मारून वॉरंटीतून वगळली आणि सगळा खर्च माझ्याकडून वसूल केला. हा शेरा मला मान्य नाही आणि त्याची कारणे आपल्यापर्यंत लेखी पोहोचावीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हवा विरळ झाल्यामुळे साध्या इंजिनाचा दम निघतो अशा उंच खिंडीतही ही गाडी टर्बोच्या जोरावर कुरकुर न करता चढते, आणि तीव्र उतारावर लो रेंजमध्ये, म्हणजे अतिसंथ गिअरमध्ये, टाकली की ब्रेकला फारसे काम उरत नाही. गाडी बंद पडली ती यांपैकी कशामुळेही नाही.

पक्क्या रस्त्यापासून बरेच आत असताना डॅशबोर्डवर एक्झॉस्ट यंत्रणेत बिघाड असल्याची सूचना आली आणि तिच्यासोबत, इतके किलोमीटर संपल्यावर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही, अशी उलटी मोजणी सुरू झाली. पडद्यावर दिसणारे अंतर आपल्या सर्वांत जवळच्या सर्व्हिस सेंटरपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी होते. धुरातले प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. हे 32.5 टक्क्यांचे द्रावण उणे 11 अंश सेल्सिअसला गोठते हे मला ठाऊक आहे. पण तेव्हा थंडी त्याच्या जवळपासही नव्हती. गाडी नेहमीसारखीच ओढत होती, धूर नव्हता, आवाजात फरक नव्हता. म्हणजे धडधाकट गाडी काही अंतरानंतर स्वतःहून संप पुकारणार होती आणि तशी आगाऊ नोटीसही तिने दिली होती.

वाटेत भेटलेल्या एका ट्रकचालकाने गाडीखाली झोपून, टॉर्च लावून मूळ दोष शोधून काढला. एक्झॉस्टवरच्या सेन्सरकडे जाणारी वायर चासीच्या एका पत्र्याच्या कडेवरून नेलेली आहे. तिथे ना क्लिप आहे, ना रबरी ग्रोमेट. गाडी हादरत राहिल्याने वायरवरचे प्लास्टिकचे आवरण त्या कडेवर घासून पार गेले होते, आतली तांब्याची तार हिरवी पडली होती आणि तिचे दोनच धागे शिल्लक होते. त्याने ती तार सोलून जोडली, टेप गुंडाळला आणि पत्र्यापासून लांब बांधून दिली. दोष तिथल्या तिथे दूर झाला. मोजणी मात्र थांबली नाही. बिघाडाची नोंद पुसण्यासाठी कंपनीचाच स्कॅनर लागतो, असे आपल्या हेल्पलाइनने सांगितले, आणि गाडी चालू स्थितीत सर्व्हिस सेंटरला आणा, असा सल्लाही दिला. मोजणी शून्यावर येण्यापूर्वी तिथे पोहोचणे शक्य नव्हते, हे त्यांना तीन वेळा समजावून सांगावे लागले. अखेर एका रात्रीच्या मुक्कामानंतर इंजिन सुरू झाले नाही आणि उरलेला रस्ता गाडीला ट्रकवर चढवून पार करावा लागला.

युरियाची यंत्रणा प्रदूषणाच्या नियमांमुळे बसवावी लागते आणि द्रावण न भरणाऱ्याला अडवणे हा तिचा हेतू आहे, असे उत्तर आपण द्याल, याची मला कल्पना आहे. नियमाला माझा विरोध नाही. मात्र वायर कोणत्या कडेवरून न्यायची हे नियमाने ठरवलेले नाही, ते आपल्या कंपनीने ठरवले आहे. दुरुस्त झालेला दोष मालकाला जागेवर पुसता येऊ नये, हेही आपणच ठरवले आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे उदाहरण आपल्या जाहिरातींत वारंवार येते म्हणून लिहितो: त्या जीपही बंद पडत असत, पण त्या पाना आणि पक्कड घेऊन रस्त्याच्या कडेला चालू करता येत असत. दुर्गम भागात भरवशाची गाडी म्हणजे माझ्या लेखी अशी, जागेवर दुरुस्त करता येणारी गाडी. बिघाड कधीच होणार नाही, अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही.

दुसरा दोष मागच्या एक्सलचा आहे. आपल्या माहितीपत्रकात पाण्यातून जाण्याची जी खोली दिली आहे, तिच्यापेक्षा बऱ्याच कमी पाण्यातून गाडी नेलेली असूनही डिफरेन्शियलचे, म्हणजे एक्सलमधल्या गिअरांचे, ऑईल पाणी मिसळून दुधाळ झालेले निघाले. तापलेला एक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (एक्सलमधली हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते, हे आपल्या अभियंत्यांना सांगायची गरज नसावी. त्यावरचा उपाय म्हणजे ब्रीदरची नळी वर, पाण्याच्या पातळीबाहेर नेणे. या गाडीत ब्रीदर एक्सलवरच, एका छोट्या टोपीखाली ठेवलेला आहे. मग माहितीपत्रकातली खोली कोणत्या आधारावर छापली, याचा खुलासा व्हावा.

स्टेपनीबद्दल एवढेच, की ताशी 80 किलोमीटरची मर्यादा असलेले अरुंद, तात्पुरते चाक अशा गाडीत देणे मला समजलेले नाही. खडकाळ रस्त्यावर ते लावून चालवण्याची हिंमत मी केली नाही.

आता ‘खडतर वापरा’विषयी. आपल्या जाहिरातीत हीच गाडी नदी ओलांडताना आणि दगडगोट्यांवरून चढताना दाखवली आहे. ज्या वापरासाठी गाडी विकली, तोच वापर वॉरंटी नाकारण्याचे कारण कसा ठरतो? वायर तुटली ती दगड लागून नाही, आतल्या बाजूच्या पत्र्याला घासून. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर याची नोंद नाही, परंतु वायर बदलण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत आणि त्यांत घासल्याची जागा स्वच्छ दिसते.

माझ्या मागण्या अशा आहेत. वायरची दुरुस्ती, एक्सलचे ऑईल व सील आणि गाडी ट्रकने आणण्याचा खर्च मला परत मिळावा. वायरचा मार्ग बदलून आणि ब्रीदरची नळी वर नेऊन द्यावी, आणि हे काम या मॉडेलच्या सर्वच गाड्यांवर विनामूल्य करावे. कारण तीच कड सगळ्यांच्या गाडीत आहे. दोष दूर झाल्यावर मोजणी थांबवता येईल, अशी सोय मालकाला किंवा कोणत्याही मेकॅनिकला उपलब्ध करून द्यावी. हे तूर्त शक्य नसेल, तर गाडी विकण्यापूर्वीच ग्राहकाला या उलट्या मोजणीची लेखी कल्पना द्यावी. मला विक्रीच्या वेळी कोणीही ती दिली नव्हती.

30 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते सर्व्हिस सेंटरकडून नव्हे, तर गाडीच्या रचनेची जबाबदारी असलेल्या विभागाकडून यावे, ही विनंती.

आपला,
एक गाडीमालक

सोबत: जॉब कार्ड, पावत्या, छायाचित्रे आणि माहितीपत्रकातील संबंधित पान.