‘किल्ले किती झाले?’

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी राजगड उतरून गुंजवण्याहून निघाल्यापासून नसरापूर येईपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. घरी आल्यावर बोललास तेही एवढंच, “आई, तुला ट्रेक सोडून वीस वर्षं झाली. तुला नाही कळायचं.” ते मला लागलं, खोटं कशाला सांगू? पण माझ्या लागण्यासाठी मी लिहायला बसले नाही. जिचं नावही आपल्याला माहीत नाही, त्या मुलीसाठी लिहिते आहे.

गडाच्या पद्मावती माचीवर तळ्यापाशी तुझ्या ट्रेकच्या ग्रुपबरोबर आपण बसलो होतो. चोर दरवाजातून त्या तिघी धापा टाकत वर आल्या. जीन्स, पाठीला कॉलेजची बॅग, पायात साधे बूट. त्यातल्या एकीनं तुम्हाला विचारलं, “दादा, महाराजांचा राज्याभिषेक झाला ती जागा कुठे आहे?” तुमच्यातला कुणीतरी म्हणाला, “ताई, तो रायगड. हा राजगड.” सगळे हसले. तीही हसली, ओशाळून. तिथं थांबलं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण मग तू विचारलंस, “किल्ले किती झाले तुमचे?” ती म्हणाली, “हा पहिलाच.” आणि तू म्हणालास, “दिसतंय.”

त्यानंतर त्या बालेकिल्ल्याकडे वळल्याच नाहीत. तळ्याकाठी फोटो काढले, डबा खाल्ला आणि आल्या वाटेनं उतरल्या. तू पाहिलं नसशील, तुझी पाठ होती तिकडे. मी पाहत होते.

राजगड आणि रायगड यांत घोटाळा होणं हा काही गुन्हा नाही रे. एक आधीची राजधानी, एक नंतरची, नावांत एका अक्षराचा फरक. सईबाई राणीसाहेब १६५९ मध्ये याच गडावर गेल्या, राजाराममहाराजांचा जन्म १६७० मध्ये इथलाच. हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तिला सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्या दोन मिनिटांत ती राजगडाची झाली असती.

माझं पहिलं गडचढणं तुला कधी नीट सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटत नव्हतं. १९९३ सालची गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. डोंबिवलीतल्या एका ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडाला निघालो, कल्याणहून रात्रीच्या एसटीनं खुबी फाटा, पहाटे चालत खिरेश्वर. अंगात सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला आजोबांची खाकी पिशवी. चालता चालता आमच्या लीडरनं सगळ्यांसमोर विचारलं, “आधी कुठले गड केलेत?” मी म्हटलं, कुठलाच नाही. “मग एकदम हरिश्चंद्र? तोही ओढणी सांभाळत?” टोलार खिंडीत पोचेपर्यंत मी मागे पडले होते. तिथं ते वाघाचं शिल्प आहे ना, त्याच्यापाशी मला बसवलं आणि सांगितलं, “तू इथेच थांब, आम्ही उद्या येताना घेतो.”

उद्या! जंगलात, एका मुलीला. आज मला त्याचा राग येतो. तेव्हा राग आला नाही, फक्त वाटलं की चूक माझीच आहे, मी यायलाच नको होतं.

मला वर कुणी नेलं माहीत आहे? खिरेश्वरचे एक मामा गडावर दूध घेऊन चालले होते. त्यांनी विचारलं, “एकटी का बसली गं पोरी?” मी सांगितलं. ते म्हणाले, “चल, सावकाश जाऊ.” खिंडीवरच्या कातळटप्प्यात ते एक पायरी पुढे राहायचे आणि बोट ठेवून दाखवायचे, हात इथं, पाय इथं, खाली बघू नको. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यात उतरून मी पिंडीला हात लावला, चारांतला एकच खांब शाबूत उभा आहे तोही त्यांनीच दाखवला. कोकणकड्यावर पालथं झोपून खाली कसं बघायचं, तेही त्यांनी शिकवलं. त्यांना गडाची उंची विचारली असती तर सांगता आली नसती. गड किती केले, हा प्रश्नच त्यांना कळला नसता. ते रोज त्याच वाटेनं जात होते.

तुमच्या ग्रुपमध्ये ‘खरा ट्रेकर’ कोण यावर जेव्हा तासतास बोलणी होतात, तेव्हा मला ते मामा आठवतात. या वाटा त्यांच्या. घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, कुठल्या टाक्याचं पाणी प्यायचं, धुक्यात कुठली सोंड धरून उतरायचं, हे सगळं आपल्याला त्यांच्याकडून फुकट मिळालं. आणि त्यावर आपण पाटी लावायची, ‘अनुभवी लोकांसाठीच’?

तुझ्या रागाचं कारण मला कळत नाही असं समजू नकोस. टाक्यांत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या मीही पाहिल्या. तटावर खिळ्यानं कोरलेली बदामाची चित्रंही पाहिली. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या, अरुंद पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी रांग लागते आणि चढणारा व उतरणारा एकाच खोबणीत बोटं अडकवायला बघतात, ते ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. नाव कोरणाऱ्याला अडव. स्पीकर लावणाऱ्याला बंद करायला सांग. पावसात चपला घालून कातळाशी झटणाऱ्याला परत फिरव, त्याला राग आला तरी चालेल. यात मी तुझ्या बाजूला आहे, नेहमी असेन. पण त्या मुलीनं काय केलं होतं? तिनं कचरा टाकला नव्हता, कुठं काही कोरलं नव्हतं. तिला फक्त माहीत नव्हतं. आणि एक सांगते, पद्मावतीच्या देवळात चुलीची राख नि नूडल्सची पाकिटं मी स्वतः झाडून काढली आहेत, ती मुक्कामाला आलेल्या एका जुन्या, नावाजलेल्या ग्रुपची होती. शंभर गड झाले म्हणजे माणूस स्वच्छ होतो असं नाही.

हरिहरच्या त्या कड्याला तुम्ही ‘स्कॉटिश कडा’ म्हणता आणि डग स्कॉट १९८६ मध्ये तो चढून गेला हे किती अभिमानानं सांगता! सांगावंच. एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून गेलेला माणूस आपल्या सह्याद्रीत आला. त्याला कुणी विचारलं होतं का की राजगड कुठला आणि रायगड कुठला?

आजी ७४ व्या वर्षी रोपवेनं रायगडावर गेली, तेव्हा तुझा तो मित्र सहज म्हणाला होता, “रोपवेनं गेलात म्हणजे रायगड पाहिलाच नाही.” आजी काही बोलली नाही. पण जगदीश्वराच्या पायरीशी ती किती वेळ उभी होती ते मला माहीत आहे. चपला काढून, वाकून, बोट फिरवत तिनं ती अक्षरं वाचली, ‘सेवेचे ठायी तत्पर’. हिरोजी इंदुलकरानं एवढा गड बांधला आणि आपलं नाव कोरलं ते देवळाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली. आजी त्या रात्री जेवताना फक्त त्याच्याबद्दलच बोलत होती. तिचा रायगड झाला नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आता जे लिहिते ते रागावू नकोस. आठवीत तुला कुणी क्रिकेटला घेत नसत. डबासुद्धा तू एकटा खायचास, बाईंनी मला सांगितलं होतं. मग हा ग्रुप मिळाला आणि तुझा चेहराच बदलला. पहिल्यांदा कुणीतरी तुला विचारायला लागलं, ही वाट कुठे जाते रे? म्हणून तुला वाटतं, कुणीही आलं, दोन फोटो काढून गेलं आणि तेही ट्रेकर झालं, तर माझं वेगळं काय राहिलं? म्हणूनच ग्रुपला कुणी एक शब्द बोललं की तो तुला स्वतःला लागतो, आईनं बोललं तरी. मला ते दिसतं. पण बाळा, डबा एकट्यानं खाणारा तो मुलगाच त्या तळ्याकाठी तिच्या जागी होता, आणि तुला तो ओळखू आला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

२०२५ मध्ये युनेस्कोनं जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत राजगडही आहे. लोक वाढणार. तुम्ही वीस जण दरवाजात उभे राहून ते थांबणार नाहीत, आणि तटाची पडझड सावरायला, टाकी उपसायला वीस जण पुरणारही नाहीत. पहिल्या गडावरून हिरमुसून गेलेली पोर त्या कामाला कशी येईल?

पुढच्या रविवारी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची लेक येते आहे. तिनं एकही गड पाहिलेला नाही. मी तिला लोहगड म्हटलंय, लोकलनं मळवली, भाज्याकडून वर. तुझाही पहिला गड तोच, सात वर्षांचा होतास. महादरवाजात उभा राहून तू मोठ्यांदा विचारलं होतंस, “हा किल्ला कुणी मोडला?” आजूबाजूचे लोक हसले होते. काठी टेकत उतरणारे एक आजोबा मात्र थांबले, तुझ्याशेजारी पायरीवर बसले आणि विंचूकाटा माचीकडे बोट दाखवून तुला अर्धा तास सांगत राहिले. परतताना सगळ्या लोकलला तू ते ऐकवलंस.

येशील का आमच्याबरोबर? तुझ्या ग्रुपचा त्या दिवशी काही बेत असेल तर राहू दे, मी तिला घेऊन जाईन. माझे गुडघे लोहगडापुरते अजून चालतात. येणार असलास तर शनिवारी सांग, म्हणजे भाकऱ्या जास्त टाकते.

तुझी,
आई