खालच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू,

हे तोंडी सांगायला मी दोनदा खाली आलो होतो आणि दोन्ही वेळा भलतंच बोलून परत गेलो. एकदा पाण्याच्या टाकीबद्दल, एकदा उकाड्याबद्दल. म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण वादळाच्या त्या संध्याकाळी कोण आलं आणि कोण आलं नाही, हे चार लोकांना कळलं तर मला हवंच आहे.

आधी न आलेल्यांचं उरकतो. खिडकीला टेकलेली ती वठलेली फांदी मी घरमालकांना तीन वेळा दाखवली होती. तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘बघू.’ फांदी काच फोडून आत आली तेव्हा त्यांचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला, तेव्हा त्यांनी नुकसानीचे फोटो मागितले. बाबा कसे आहेत हे विचारलं नाही. नातेवाइकांचं म्हणाल तर सल्ल्यांना तोटा नव्हता. त्यातला एक तर मी ऐकलाही: ‘वादळात खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो.’ मी शहाण्यासारखी खिडकी किलकिली करून ठेवली. वारा आत शिरतो आणि छपराला खालून रेटा देतो, त्यामुळे दारं-खिडक्या घट्ट लावायच्या असतात, हे मला नंतर तुमच्याकडून कळलं. तेव्हा माझ्या डोक्यावर पत्रे थडथडत होते.

दुपारभर पान हललं नव्हतं. मग एकदम गार वारा सुटला आणि मला वेड्याला बरं वाटलं! हुश्श म्हणून गॅलरीत जाऊन उभाही राहिलो. तो गारवा म्हणजे वादळाचं पहिलं पाऊल असतं, ढगातली थंड हवा पावसाबरोबर खाली कोसळून जमिनीवर चहूकडे पसरते ती हीच, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? पाच मिनिटांत धूळ, मग अंधार, मग गारा. वीज गेली. आणि फांदी आली.

बाबा पलंगावर होते, अनवाणी. हल्ली त्यांना दिवस आणि माणसं दोन्ही नीट लक्षात राहत नाहीत. आवाजाने ते घाबरले आणि घाबरले की हट्टाला पेटतात. ‘मी कुठेही येणार नाही’ म्हणून पलंगाची कड धरून बसले. पलंगापासून दारापर्यंत सगळी जमीन काचांनी भरलेली. त्यांना उचलावं तर ते हात झटकत होते. मी ओरडलो त्यांच्यावर. हे लिहायला नको होतं, पण लिहितो.

तेवढ्यात तुम्ही दारात. डाव्या हातात विजेरी आणि उजव्या हातात चपला. पुरुषी मापाच्या जुन्या रबरी चपला, एकीचा पट्टा सेफ्टी पिनेने अडकवलेला.

काकू, मी त्या चपलांपाशीच अडकून बसलोय. काच फुटल्याचा आवाज तुम्ही खालून ऐकलात. वर येताना कुणीही विजेरी घेईल. पण आवाज ऐकून, वर एक म्हातारा माणूस आहे आणि त्याचे पाय उघडे असतील, इथपर्यंत तुमचा विचार पोचला. मी त्याच खोलीत उभा होतो आणि माझ्या डोक्यात ते आलं नाही.

तुम्ही बाबांशी हुज्जत घातली नाहीत. खाली बसलात, ‘पाय द्या बघू’ म्हणालात आणि त्यांनी दिला! तुम्ही पदराने त्यांचा तळवा पुसलात, मग अंगठ्यापासून टाचेपर्यंत बोट फिरवून पाहिलंत, कुठे काच टोचलेली नाही ना. मग चप्पल. मग दुसरा पाय, तसाच. बाहेर आभाळ फाटत होतं आणि तुम्ही शाळेला निघालेल्या पोराला तयार करावं तितक्या सावकाश ते करत होतात. बाबा उठले आणि तुमचा हात धरून चालायला लागले. मी मागून.

यापूर्वी आपलं बोलणं काय होतं? माझ्या कुंड्यांचं पाणी तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, एवढंच. मी कुंड्या हलवल्याही नव्हत्या. माणूस त्याची आठवण ठेवू शकतो. तुम्ही जिन्यात ती काढली नाहीत. अजूनही काढलेली नाही. आता कुंड्या आत आहेत, पण त्याचं श्रेय मला देऊ नका, दोन वादळाने फोडल्या.

तुमच्या त्या मधल्या बिनखिडकीच्या बोळात आपण किती वेळ बसलो कोण जाणे. टीव्हीचा, फ्रिजचा प्लग तुम्ही आधीच काढून ठेवला होता. मी भिंतीला टेकलो तर म्हणालात, ‘पुढे सरका, भिंतीत सळया असतात.’ बाबांना हातपाय धुवायचे होते. विजेला नळाचं पाणीही वाट देतं, म्हणून तुम्ही त्यांना ओला पंचा दिलात. वीज चमकली की गडगडाटापर्यंत त्यांच्याबरोबर आकडे मोजलेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ‘नऊ आले, म्हणजे तीन किलोमीटर,’ असं बाबा स्वतः म्हणाले. आदल्या दिवशी त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

पाऊस थांबल्यावर मी काचा गोळा करायला उठलो, तर तुम्ही बसवलंत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जायला हवा, आवाज येतोय तोवर आपण विजेच्या टप्प्यात आहोत. विसाव्या मिनिटाला पुन्हा गुरगुरलं. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत आणि शांतपणे म्हणालात, ‘पुन्हा पहिल्यापासून.’ मला मनातून राग आला होता. तोही इथे कबूल करतो.

लोक म्हणतात, हल्ली शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. खरं असेल. पण मला वाटतं चांगुलपणा बराचसा कान उघडे ठेवण्यात असतो. वर काय फुटलं, कोण खोकतंय, कुणाचं दार आज उघडलंच नाही. तो कान तुम्हाला आहे. मला नव्हता. हल्ली मी वरून तुमच्या दाराची कडी वाजते का ते ऐकतो, आणि सकाळी आठपर्यंत वाजली नाही तर अस्वस्थ होतो. हे तुम्हाला आगाऊपणाचं वाटलं तर तसं सांगा.

फांदीचा उरलेला भाग मी स्वतः माणूस लावून काढून घेतला. काच बसली. राहिल्या त्या चपला. दोनदा खाली आलो तो खरं तर त्या परत द्यायलाच, पण हात रिकामेच होते. बाबा त्या देत नाहीत. आभाळ जरा भरून आलं की पलंगावर बसल्या बसल्या पायात घालतात आणि दाराकडे बघत राहतात. सेफ्टी पिन काढून पट्टा शिवून देतो म्हटलं, तर त्यालाही हात लावू देईनात.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा