सही एकदाच होते, मतदान दर पाच वर्षांनी

मा. संपादक, स.न.वि.वि.

व्यापार करारांच्या बातम्यांमध्ये आयात-निर्यात आणि टॅक्सचंच येतं, पण गुंतवणुकीच्या करारात एक कलम असतं त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून हे पत्र. परदेशी कंपनीला एखाद्या देशाचा नवा कायदा नडला तर ती थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते, आणि तिथे निकाल देणारे बहुतेक वेळा तीन जण असतात, ज्यांना कुठल्याही मतदाराने निवडलेलं नसतं. देशातल्याच कंपनीला मात्र ही सोय नाही!

ऑस्ट्रेलियाचं बघा. संसदेने २०११ मध्ये सिगारेटची पाकिटं साधी, एकसारखी करायचा कायदा केला, तिथल्या सर्वोच्च कोर्टाने २०१२ मध्ये तो वैध ठरवला, तरी फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीची लवादातली केस चालूच राहिली, कशाच्या जोरावर तर हाँगकाँगबरोबरच्या १९९३ च्या कराराच्या, आणि ऑस्ट्रेलियातल्या शाखेचे शेअर्स हाँगकाँगच्या शाखेकडे वळवले ते सरकारने बेत जाहीर केल्यानंतर. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने केस फेटाळली, चांगलंच झालं, पण ऑस्ट्रेलियाच्या केसेसचं काय होतंय ते बघू म्हणून न्यूझीलंडने आपला तसाच कायदा २०१६ पर्यंत रखडवला. केस न जिंकताही कंपनीचं काम झालंच की.

इटली तर २०१६ मध्ये एनर्जी चार्टर (ऊर्जा क्षेत्रातल्या गुंतवणुकीला संरक्षण देणारा) करारातून बाहेरसुद्धा पडला, पण जुन्या गुंतवणुकीला पुढची २० वर्षं संरक्षण असल्यामुळे किनाऱ्याजवळ तेल काढायला बंदी घातली म्हणून एका तेल कंपनीने नंतर केस टाकलीच. २०२२ मध्ये १९ कोटी युरोंच्या भरपाईचा आदेश निघाला, तो रद्द व्हायला २०२५ उजाडलं.

व्यापार बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. सरकारने रातोरात कारखाना जप्त केला तर कंपनीने दाद कुठे मागायची, ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर हवंच. पण आरोग्य आणि पर्यावरणाचे कायदे या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळा, आधी देशातल्या कोर्टात जाणं सक्तीचं करा आणि सही व्हायच्या आधी पूर्ण मसुदा संसदेसमोर ठेवा, कारण आज एका सरकारने केलेली सही पुढच्या चार निवडणुकांमधल्या मतदारांना बांधून ठेवते, त्यातल्या कित्येकांना आज मताचा अधिकारही नाही.

आपल्या पेपरला मनापासून विनंती, पुढच्या कराराची बोलणी चालू असतानाच हे कलम सोप्या भाषेत छापा.

- एक नियमित वाचक