नाव सांगणारी मुलं

शिकागो

प्रिय संजू,

तुझं पत्र मिळालं. ‘मत नाही, पैसा नाही, वर पोलिसांची धास्ती, अशा मजुरांना घेऊन लढायचं कसं?’ हे वाचल्यापासून मला इथली बिनकागदांची, म्हणजे देशात राहण्याचा परवाना नसलेली, मुलं आठवताहेत.

आईबापांबरोबर लहानपणी अमेरिकेत आलेली ही मुलं. १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे त्यांना सरकारी शाळा मिळते. पुढे नोकरी धरायची तर कागद आडवा येतो. घरातली ताकीद एकच: कुणाला सांगू नकोस.

१० मार्च २०१० ला याच शहरात ही मुलं भर चौकात उभी राहिली आणि आपलं नाव घेऊन म्हणाली, आमच्याकडे कागद नाहीत आणि आम्ही भीत नाही. वेडं धाडस नव्हतं रे ते. लपून राहिलेल्याला गुपचूप देशाबाहेर काढता येतं. नाव जाहीर झालेल्याला पकडलं की वकील धावतात, फोन खणखणतात, पत्रकार येतात. धोका होताच, पण तो एकट्याचा राहिला नाही.

त्याच डिसेंबरात अशा मुलांना नागरिकत्वाची वाट देणारा ‘ड्रीम’ कायदा सिनेटमध्ये अडला. हवी होती ६० मतं, पडली ५५. मग त्यांनी ओबामांनाच धारेवर धरलं. जून २०१२ मध्ये डेन्व्हरच्या त्यांच्या प्रचार कार्यालयात ठिय्या दिला. आपल्या बाजूच्या माणसाला निवडणुकीच्या तोंडावर अडचणीत आणायला मोठी छाती लागते. १५ जूनला ‘डाका’ (DACA) या सरकारी योजनेची घोषणा झाली: दोन वर्षं हद्दपारी नाही, कामाचा परवाना. नागरिकत्व मात्र नाही, आजही नाही.

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. पुढारी कौतुकानं म्हणत, ‘या लेकरांचा काय दोष?’ म्हणजे दोष आईचा! सुरुवातीला मुलांनीही हेच बोलून सहानुभूती मिळवली. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी ते निक्षून नाकारलं: आईला गुन्हेगार ठरवून मिळणारी सवलत नको. आपल्या लोकांनी हे ऐकायला हवं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांची मुलं एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसाखालून बाहेर फेकली जातात, तरी ‘आम्ही कायदेशीर, ते वेगळे’ हे पालुपद सुटत नाही.

म्हणून तुला सांगतो, चांगले मजूर आणि वाईट मजूर अशी वाटणी कुणालाही करू देऊ नकोस. आणि कुणाला बोलायला उभं करण्याआधी वकील गाठ, रात्री-अपरात्री फोन उचलणारी माणसं जमव. अशी किती आहेत तुझ्याकडे? सविस्तर लिही.

तुझा,
अविनाश